कॅम्प दोनमधून सुटणारी विमानं

विमानाच्या तिकिटावर माणसाचं नाव असतं, सीट नंबर असतो, सामान किती किलो न्यायचं ते असतं. माणूस का चाललाय, हे लिहायला मात्र जागा नसते. ते तो मग फोनवर आम्हाला सांगतो. न विचारता सांगतो! ऑनलाइन विमान तिकिटं विकणाऱ्या कंपनीत मी बारा वर्षं काढली, त्यामुळे असल्या गोष्टींचा माझ्याकडे ढीग झालाय. घरी जेवताना एखादी सुरू केली की आई म्हणते, "सुजा, आधी भात खा. विमान नंतर उडव."

कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्या भागातल्या लोकांना ते कळेलच, आणि बाकीच्यांना कळून काही उपयोग नाही.

*

सुरुवात झाली उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, फाळणीनंतर सिंधहून आलेल्या लोकांच्या जुन्या छावणीत. खाली जीन्सच्या पॅन्टी शिवणारा कारखाना, वर माडीवर आम्ही. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, भिंतीवर आकाशाचा मोठ्ठा फोटो. शिलाई मशिनं सुरू झाली की आमची जमीन थरथरायची. मालक हरेशभाई. सिंधी माणूस, सगळे त्यांना 'साई' म्हणायचे, म्हणून मीही साईच म्हणायला लागले.

मी तेव्हा कॉलेज संपवून अंबरनाथ पश्चिमेला घरी बसले होते. जाहिरात वाचून इंटरव्ह्यूला गेले. घरून निघताना मावशीने सांगितलं होतं, "विमानाची कंपनी आहे, इंग्लिशमध्ये बोल." मी रस्ताभर वाक्यं पाठ करत आले.

साईंनी एकच प्रश्न विचारला. "विमानात बसलीयेस कधी?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण म्हटलं, "नाही."

साई आत कुणी ऐकत नाही ना, ते बघून हळूच म्हणाले, "मी पण नाही. चल, बस त्या कॉम्प्युटरवर!"

*

दोन वर्षं ओळखीच्या लोकांचीच तिकिटं काढत होतो. मग बदलापूरचा विनय आला. बोलायला लाजणारा, पण कॉम्प्युटरवर बसला की दुसराच माणूस. त्याने आमची वेबसाइट बनवली. सुरू झाल्यावर आठ दिवस एकही बुकिंग नाही. नवव्या दिवशी दुपारी आलं. गुवाहाटीहून कोलकाता, एक प्रवासी.

साईंचा विश्वास बसेना. "गुवाहाटीत आपलं कोण आहे?"

"कोणी नाही साई," विनय म्हणाला.

"तुझ्या ओळखीचा?"

"नाही."

"सुजाताच्या?"

"अहो, मी कल्याणच्या पुढे कुणाला ओळखत नाही," मी म्हटलं.

साईंनी खालच्या कारखान्यातल्या सगळ्यांना पेढे वाटले. तरी त्यांचं समाधान होईना. अनोळखी माणूस, एवढ्या लांबचा, त्याने आपल्यावर विश्वास ठेवला! शेवटी राहवलं नाही म्हणून त्यांनी त्या गुवाहाटीच्या माणसाला फोन लावला आणि हात जोडून, खरंच हात जोडून, विचारलं, "भाईसाब, एक बात बताइए. आपने हमसे टिकट क्यों लिया?"

 मग फोन कट.

दहा मिनिटांत बुकिंग कॅन्सल झालं!

*

पण ते एकच. त्यानंतर बुकिंग थांबलीच नाहीत. सहा वर्षांत आम्ही अंबरनाथजवळच्या मोरिवलीला गेलो. गावाला लागून जी कारखान्यांची वसाहत आहे, तिथला एक बंद पडलेला कारखाना साईंनी घेतला. मशिनं काढली, एसी लावले, दीडशे खुर्च्या मांडल्या. जुन्या शेडला खिडक्या नव्हत्या आणि नव्या काढायला कुणी वेळ दिला नाही.

गिऱ्हाइकांना वाटायचं, आम्ही एअरपोर्टवरच बसलोय. "मॅडम, आमचं विमान दिसतंय का तुम्हाला?" हे आम्ही रोज ऐकायचो. आम्ही आपलं "माहिती घेऊन सांगते" म्हणायचो.

तक्रारींच्या पत्रांसाठी साईंनी कुलकर्णीकाकांना घेतलं होतं. काका अंबरनाथच्याच एका कारखान्यातून तपासणी विभागाचे अधिकारी म्हणून रिटायर झालेले. सरळ रेषेत भांग, खिशाला दोन पेनं. कुठल्याही प्रश्नाला ते खरं उत्तर शोधायचे. एकदा फोनवरची मुलगी जागेवर नव्हती म्हणून त्यांनी तिचा फोन उचलला. थंडीचे दिवस. दिल्लीला जाणाऱ्या बाई विचारत होत्या, "जरा बाहेर बघून सांगता का, धुकं आहे का हो?"

काका म्हणाले, "थांबा." फोन टेबलावर ठेवला. उठले, चप्पल घातली, अख्खा हॉल ओलांडून गेटपर्यंत गेले. बाजूच्या केमिकल कंपनीकडे तोंड करून उभे राहिले, परत आले आणि फोन उचलून सांगितलं, "नाही. आमच्याकडे आहे तो धूर आहे."

*

आता जो किस्सा सांगते, तो मी पूर्वी हसत हसत सांगायचे.

एका सकाळी आमच्या साइटवर प्रत्येक विमानाखाली एक लाल पट्टी आली. 'या क्षणी १७ जण हे विमान बघत आहेत.' खाली दुसरी ओळ, 'फक्त १ सीट शिल्लक.' पट्टी आल्यापासून बुकिंग धडाधड वाढली. साईंनी समोसे मागवले.

समोसा खाता खाता काकांनी विनयला विचारलं, "हे सतरा जण कोण?"

"कोणी नाही, काका."

"कोणी नाही म्हणजे?"

"म्हणजे आकडा कॉम्प्युटर टाकतो. मनाला येईल तो. कधी नऊ, कधी सतरा."

"आणि ती एक सीट?"

"ती... त्या भावातली एक. बाकीच्या असतात विमानात, थोड्या महाग."

काकांनी समोसा खाली ठेवला. "कारखान्यात प्रेशरचा काटा खोटा आकडा दाखवायला लागला तर आम्ही मशीन बंद करायचो."

साई हसले. "काका, तो बॉयलर होता. हे तिकीट आहे. कोणी मरत नाही."

सगळे हसलो. मीपण हसले. मला चांगलं आठवतंय.

काका जागेवर गेले आणि कोऱ्या कागदावर, वळणदार अक्षरात त्यांनी ऑफिसला रीतसर पत्र लिहिलं. 'विषय: सतरा व्यक्तींबाबत. सदर सतरा व्यक्तींची नावे व पत्ते या विभागास कळावेत, ही विनंती.' उत्तर आलं नाही. दर सोमवारी ते स्मरणपत्र द्यायला लागले. त्यांचा एक गठ्ठा झाला. आम्ही तो नव्या लोकांना गंमत म्हणून दाखवायचो.

*

माझी शांतामावशी अंबरनाथलाच राहते, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. ती आणि आई लहानपणापासून एकमेकींना सोडून कुठे गेल्या नाहीत. दरवर्षी दोघी नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या. गर्दीत, उभ्याने, पिशवीत चटणी-भाकरी घेऊन. पाय दुखायला लागल्यावर मावशीने ठरवलं, एकदा तरी गर्दी नसताना, शांतपणे जायचं. आणि जायचं ते विमानाने.

"सुजाच्या कंपनीतनंच काढायचं," ती आईला म्हणाली. "पण तिला सांगायचं नाही. एकदम बोर्डिंग पास दाखवायचा!"

दोघी तोंडभर हसल्या असतील. चष्मा लावून मावशीच्या फोनवर बसल्या. विमान सापडलं. तारीख ठरली. आणि खाली लाल पट्टी आली. एवढे एवढे जण बघतायत. फक्त एक सीट शिल्लक.

आईने लगेच सांगितलं, "तू जा. तू मोठी आहेस."

"अगं, तुझ्याशिवाय मी काय करू तिथे?"

"काढ लवकर, नाहीतर तीपण जाईल. एवढी लोकं बसलीयत टपून."

मावशीने घाईघाईत एक तिकीट काढलं. मला त्यांनी मावशी जाण्याच्या आदल्या दिवशी सांगितलं. आईचे गुडघे दुखतात, ती नको म्हणाली, असं. मी विश्वास ठेवला. मावशीला एअरपोर्टला सोडायला मीच गेले. नवी पांढरी साडी, हातात पर्स घट्ट धरलेली. आत जाताना तिने मागे वळून बघितलं, पण माझ्याकडे नाही. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे.

चार दिवसांनी परत आली. मी विचारलं, "कसं वाटलं विमान?"

"चांगलं होतं," मावशी म्हणाली. मग साडीचा पदर बोटाला गुंडाळत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "सुजे, एक विचारू? रागावू नको. विमान निम्मं रिकामं होतं गं. माझ्या बाजूच्या दोन्ही खुर्च्या मोकळ्या. मी त्या पोरीला विचारलं पण, कुणी यायचंय का? ती म्हणाली, नाही, कोणी नाही. मग ते सगळे बघत होते, ते गेले कुठे?"

आई आत चहा टाकत होती. तिने गॅस बारीक केला.

*

दुसऱ्या दिवशी मी साईंच्या केबिनमध्ये गेले. बसले नाही.

"साई, माझ्या आईला आपण विमानातून उतरवलं."

सगळं सांगितलं. साई वाईट माणूस नाही. माझ्या वडिलांच्या आजारपणात तीन वेळा हॉस्पिटलमध्ये येऊन बसलेला माणूस. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "आईला सांग, पुढचं तिकीट माझ्याकडून. दोघींचं. मी स्वतः सोडायला येतो."

"तिकीट नको. पट्टी काढा."

ते खुर्चीत मागे टेकले. "सुजाता, सगळे करतात. आपण काढली की गिऱ्हाईक त्यांच्याकडे जाणार. दीडशे लोकांना मी काय सांगू?"

"सगळ्यांच्या कंपनीत माझी मावशी तिकीट काढायला गेली नव्हती, साई. ती माझ्या कंपनीत आली होती."

त्यांनी पट्टी काढली नाही. मीही राजीनामा वगैरे दिला नाही. वडील गेले होते, घरात मी एकटी कमावती. जागेवर येऊन हेडफोन लावला आणि म्हटलं, "नमस्कार, मी सुजाता, आपली काय मदत करू?" सांगायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. एवढंच केलं, की पुढच्या सोमवारपासून काकांच्या पत्राखाली माझी सही असायची. त्याच्या पुढच्या सोमवारी विनयने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली सही केली.

*

चार महिन्यांनी व्हिडिओ आला. कुठल्यातरी मुलाने दोन मोबाइल शेजारी शेजारी ठेवले होते. तेच विमान, तीच वेळ. एका फोनवर १७ जण बघतायत, दुसऱ्यावर ४. मग त्याने पूर्ण विमानाच्या रिकाम्या सीटांचा फोटो दाखवला. दोन दिवसांत तो व्हिडिओ आमच्या आधी आमच्या नातेवाइकांनी बघितला!

टीव्हीवाल्यांची गाडी मोरिवलीत आली. गावातल्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "इथे विमान कंपनी कुठाय?" तो म्हणाला, "इकडं कुठलं विमान? इकडं टेम्पो सुद्धा नीट वळत नाय."

तिसऱ्या दिवशी लोकच आले. उल्हासनगरचे, बदलापूरचे, अंबरनाथचे, आमच्याकडून तिकिटं घेणारे. भर दुपारी, गेटबाहेर, आरडाओरडा. वॉचमनने गेट लावून घेतलं. साई केबिनमध्ये, काचेवरचे पडदे ओढलेले. कुणाला काही सुचेना.

तेवढ्यात रिक्षातून साईंची आई उतरली. आम्ही तिला अम्मा म्हणायचो. वय ऐंशीच्या पुढे, रोज दुपारी मुलाला गरम डबा द्यायला यायची. गर्दी बघून थांबली. लोक साईंच्या नावाने काय काय म्हणत होते ते तिने नीट ऐकून घेतलं. मग वॉचमनला गेट उघडायला लावलं आणि लोकांना म्हणाली, "गाली देनी है ना? तो अंदर बैठके दो. धूप में क्यों दे रहे हो? पहले पानी पीओ."

लोक गोंधळले. मग एकेक जण आत यायला लागला. एसीत बसून, पाणी पिऊन शिव्या देणं अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

साईंना बाहेर यावंच लागलं. बदलापूरच्या एक शिक्षिका होत्या. त्या अजिबात ओरडल्या नाहीत. वर्गात विचारतात तसं त्यांनी विचारलं, "मला फक्त एवढंच सांगा. ते सतरा जण कोण होते?"

 साईंनी विनयकडे बघितलं. विनयने बुटांकडे. काका उभे राहिले होते, हातात पत्रांचा गठ्ठा, पण त्यांनी तो पुढे केला नाही.

साई म्हणाले, "कोणी नव्हतं, मॅडम."

अम्माने त्यांना सिंधीत काहीतरी विचारलं. त्यांनी सिंधीतच, खूप हळू, उत्तर दिलं. अम्माने डबा टेबलावर ठेवला आणि त्यांच्या गालावर हात ठेवला. चापट मारतेय की कुरवाळतेय, ते आम्हाला कुणालाच समजलं नाही. साईंना समजलं असावं.

"विनय," ते म्हणाले, "पट्टी काढ. आत्ता."

विनय बसला, चार बटणं दाबली, उठला. "काढली."

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं."

"किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं, काका."

काकांनी गठ्ठ्याकडे बघितलं. "सव्वीस सोमवार!"

*

त्यानंतर सगळं गोड झालं, असं नाही. बुकिंग घटली. साई म्हणाले होते तसंच, गिऱ्हाईक दुसऱ्यांकडे गेलं. दीडशेतल्या सत्तर खुर्च्या रिकाम्या झाल्या. त्यात माझ्या शेजारी बसणारी मुलगी होती. पट्टी लागली तेव्हा ती कंपनीत नव्हती, काढली तेव्हा रजेवर होती. मधलं काही तिने केलं नव्हतं. जाताना टेबलावरचं छोटं रोपटं मला देऊन गेली. मी लोकांना पट्टीची गोष्ट सांगते तेव्हा ही मुलगी बहुतेक वेळा सांगायची राहते. आज सांगितली.

पुढच्या वर्षी आई आणि मावशी नागपूरला गेल्या. रेल्वेने. मी विमानाचं काढते म्हटलं तर आई म्हणाली, "नको गं. त्यात बाजूला कोण बसणार, काही भरवसा नाही."

*

सध्या मी परत कॅम्प दोनच्या माडीवर बसते. साईंनी ती जागा सोडली नव्हती. ज्यांना फोनवरून जमत नाही, ते जिना चढून येतात.

गेल्या महिन्यात एक आजोबा आले. पांढरा लेंगा-सदरा, हातात काठी, इस्त्री केलेला रुमाल. जिन्याने दम लागला होता. पाणी दिलं. बसले, श्वास सावरला आणि म्हणाले, "बेटी, हैदराबाद का एक टिकट."

"कब जाना है, दादा?"

"जब का मिले."

मी बघितलं. म्हटलं, "कल सवेरे का है. डेढ घंटे में पहुँच जाओगे."

ते हसले. मनापासून, लहान मुलासारखे. "डेढ घंटा! आने में तो बहुत दिन लगे थे. पहले कराची, फिर जहाज. समुंदर में मुझे उलटी हुई थी. माँ ने गोद में लिया था, सात साल का था, फिर भी लिया था."

माझा हात माउसवर तसाच राहिला.

"घर की छत पे हवा पकड़नेवाली खिड़की थी," ते सांगत होते. हातांनी त्यांनी हवेत तिचा आकार काढून दाखवला. "गर्मी में सब उसके नीचे सोते थे. हवा सीधी नीचे आती थी. बाहर फुलेली बहती थी, नहर. उधर का ही है ना टिकट?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण म्हटलं नाही. मी परत टाइप केलं. हैदराबाद लिहिल्यावर खाली दोन नावं येतात. बारा वर्षं मी पहिल्यावर क्लिक करत आले होते, दुसरं, सिंधमधलं, कधी वाचलंच नव्हतं. त्या दिवशी दुसऱ्यावर केलं.

चक्र फिरत राहिलं. आजोबा खुर्ची पुढे ओढून स्क्रीनकडे बघत होते. मग अक्षरं आली.

"क्या लिखा है, बेटी? मुझे दिखता नहीं."

मी होतं ते वाचून दाखवलं. "इस रास्ते पर विमान उपलब्ध नहीं है. कृपया तारीख बदलकर देखें."

आजोबांनी मान हलवली. खिशातून चष्मा काढला, रुमालाने पुसला, नीट डोळ्यांवर लावला. काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"तो बदलो ना," ते म्हणाले. "पीछे की डालो."